घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी ताटात परत घ्यायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. बँकेत बसून काम. आठवड्यातले पाच दिवस सकाळी तासभर, साधारण पाच किलोमीटर चालते. ॲपने रोजचं १३६५ कॅलरींचं लक्ष्य दिलंय. चालून आले की घड्याळ ४१० कॅलरी जळाल्या म्हणतं आणि ॲप सांगतं की आज १७७५ खाता येतील. मी तेवढंच खाते, सगळं लिहून ठेवते. जिममधले सर म्हणतात व्यायामाच्या कॅलरी अजिबात खायच्या नाहीत. मैत्रीण म्हणते नाही खाल्ल्या तर शरीर 'स्टार्व्हेशन मोड'मध्ये जातं. सहा आठवडे झाले, काटा हललेला नाही. दिवाळीला २० आठवडे आहेत, तोवर ६२ व्हायचंय. आणि महिन्यातून एकदा रविवारी आम्ही सिंहगड चढतो. त्या दिवशी वर पिठलं-भाकरी खाल्ली तर चालेल का?"

तुमच्या प्रश्नातला १३६५ हा आकडा वाचला आणि मी आधी कागद-पेन घेतलं. ॲपमध्ये तुम्ही कुठला पर्याय निवडलात ते लिहिलेलं नाही, पण आकडाच चुगली करतो.

दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर जी ऊर्जा वापरतं, तो बीएमआर. बरीच ॲप तो १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफलिन-सेंट जिओर सूत्राने काढतात. किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि शेवटी बायकांसाठी वजा १६१ (पुरुषांसाठी अधिक ५). तुमचे आकडे घातले की ७२० + ९८७.५ − १९० − १६१, म्हणजे जवळपास १३५७ होतात. मग या आकड्याला दिवसभराच्या हालचालीप्रमाणे गुणायचं. बैठ्या कामाला १.२, हलका व्यायाम असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. १३५७ ला १.३७५ ने गुणलं की १८६५ येतात, त्यातून ५०० वजा केले की बरोबर १३६५. म्हणजे ॲपने विचारलं तेव्हा तुम्ही "हलका व्यायाम करते" यावर बोट ठेवलं होतं. खोटं काही नव्हतं त्यात. तुम्ही चालताच की.

पण तिथेच तुमचं चालणं एकदा जमा झालं. बैठ्या कामाचा १.२ हा गुणक घेतला असता तर दिवसाचा खर्च १६२८ आला असता. १.३७५ घेतल्यामुळे तो १८६५ झाला. हा रोजचा २३७ चा फरक ॲपने तुमच्या व्यायामापोटीच धरलेला आहे, आठवड्याचे १६५९. त्यानंतर रोज सकाळी घड्याळ तेच चालणं पुन्हा जमा करतंय, ४१० प्रमाणे पाच दिवसांचे २०५०. एकाच चालण्यापोटी आठवड्याला ३७०९ कॅलरी तुमच्या नावावर चढतात.

खरा खर्च किती? एमईटी नावाचं एक साधं माप आहे. शांत बसलेलं असताना माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो, तो १ एमईटी. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरने चालणं साडेतीन एमईटीच्या आसपास जातं. ७२ गुणिले साडेतीन म्हणजे तासाला २५२. यातले ७२ तुम्ही तो तास सोफ्यावर पेपर वाचत बसला असतात तरी खर्च झालेच असते, आणि ते दिवसाच्या बैठ्या खर्चात साधारण आधीच धरलेले आहेत. म्हणून चालण्यामुळे *जास्तीचे* गेले ते १८०. पाच दिवसांचे ९००.

खरे ९००, वहीत ३७०९. तुमचे सहा आठवडे इथे गेले.

आता प्रत्यक्षात रोजची तूट किती पडत होती ते पाहा. बैठा खर्च १६२८, त्यात चालण्याचे ९०० सात दिवसांवर वाटले तर रोजचे १२९, एकूण १७५७. तुमचं खाणं पाच दिवस १७७५ आणि दोन दिवस १३६५, म्हणजे सरासरी १६५८. उरली रोज ९९ कॅलरींची तूट. किलोभर चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. त्या हिशोबाने सहा आठवड्यांत अर्धा किलो, तेही लिहिण्यात एका चमचा तेलाचीही चूक झाली नसेल तर. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. काटा का हलला नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

मग सर बरोबर की मैत्रीण? दोघांचं अर्धं-अर्धं. व्यायाम हिशोबात धरायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही चालतात. पहिलीत आठवड्याचा सगळा व्यायाम आधीच रोजच्या खर्चात धरून एकच लक्ष्य ठरवायचं, आणि मग व्यायाम केला त्या दिवशीही एक घास वाढवायचा नाही. दुसरीत लक्ष्य बैठ्या माणसाचं ठेवायचं आणि ज्या दिवशी व्यायाम केला त्या दिवशी त्याच्या कॅलरी वर घ्यायच्या. सर पहिली पद्धत मनात धरून बोलतात, ॲप आणि मैत्रीण दुसरी. तुम्ही पाया पहिलीचा घेतलात आणि वर मजला दुसरीचा चढवलात. ॲप बनवणाऱ्यांनी हे नीट विचारायला हवं, पण बहुतेक ठिकाणी तो प्रश्न नोंदणीच्या चौथ्या-पाचव्या पडद्यावर घाईत येतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण काय निवडलं होतं ते आठवतही नाही.

'स्टार्व्हेशन मोड'बद्दल एकच सांगते. तुमच्या मैत्रिणीला जे म्हणायचंय त्या अर्थाने, म्हणजे कमी खाल्लं म्हणून वजन उतरायचंच थांबतं, असं काही होत नाही. वजन उतरतं तसा खर्चही थोडा उतरतो, एवढं खरं. त्याचा आकडा पुढे येतोच.

रोज ठरलेल्या चालीने चालणाऱ्या, ऑफिसला जाणाऱ्या, घरच्या स्वयंपाकातून वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला मी पहिलीच पद्धत देते. कारण दुसरीत घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्यासारखा नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके मोजण्यात सातपैकी सहा चांगली निघाली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरी मोजण्यात मात्र सगळ्यांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईटाची ९३. त्यानंतर उपकरणं बदलली आहेत, पण अडचण मुळातली आहे. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते ठोके आणि हाताची हालचाल मोजतं आणि त्यावरून कॅलरींचा अंदाज बांधतं. मे महिन्यातल्या दमट सकाळी त्याच चालीला ठोके जास्त पडतात. निघण्याआधी कडक चहा झाला असेल, मोबाइलवर मुलाच्या शाळेचा वैतागवाणा मेसेज वाचला असेल, तरी पडतात. घड्याळाला ते सगळं मेहनतीसारखंच दिसतं. शिवाय अनेक घड्याळं दोन आकडे दाखवतात, एक 'ॲक्टिव्ह' आणि एक 'टोटल'. टोटलमध्ये बसल्या जागी होणारा खर्चही असतो. तुमचे ४१० कुठले ते एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा. मला तो आकडा टोटलच वाटतो, आणि वर फुगवलेला.

घड्याळ नको असेल तर तोंडी हिशोब पुरतो: सपाटीवर चालताना दर किलोमीटरला आपल्या वजनाच्या निम्म्या कॅलरी. ७२ किलोच्या माणसाला किलोमीटरमागे ३६. पळताना साधारण दुप्पट. चाल थोडी वाढवली म्हणून किलोमीटरमागचा आकडा फारसा बदलत नाही, तेवढ्याच वेळात अंतर जास्त कापलं जातं इतकंच. पाच किलोमीटरचे १८०, म्हणजे एक वडापावही पुरता वसूल होत नाही. हे ऐकून दरवेळी समोरच्याचा चेहरा पडतो. मला वाईट वाटतं, पण आकडा तोच आहे.

दर आषाढात कुणीतरी विचारतं, "वारी केली, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चाललो, तरी वजन कसं नाही उतरलं?" वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. ७२ किलोच्या माणसाला चालण्याचे जास्तीचे ९००० खर्च, म्हणजे किलो-सव्वा किलो चरबी. तेही वाटेत जागोजागी आग्रहाने दिलेला शिरा, केळी, चिवडा, चहा, पिठलं-भात यातलं काही जास्तीचं घेतलं नाही तर. वारीला कुणी वजन उतरवायला जात नाही आणि जाऊही नये. पण एवढ्या चालण्याची किंमत चरबीत मोजली तर एवढीच भरते, हे ध्यानात राहायला त्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

तसंच सूर्यनमस्कारांचं. एका नमस्काराला चौदा कॅलरी जळतात असा एक मेसेज दर रथसप्तमीला फिरतो. मिनिटाला दोन नमस्कार घातले तरी ते मिनिटाला २८ होतात. ७२ किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटरने पळताना मिनिटाला बारा-तेराच्या आसपास खर्च करतो. म्हणजे पळणाऱ्याच्या दुपटीहून जास्त खर्च अंगणातल्या चटईवर, असा त्या मेसेजचा दावा. सूर्यनमस्कार घाला, खांदे-कंबर-मांड्या सगळ्यांना उत्तम. कॅलरींसाठी घालू नका.

दुसरी गोष्ट याहून थोडी खट्याळ आहे. घड्याळ अगदी अचूक असतं तरी व्यायामातल्या सगळ्या कॅलरी दिवसाच्या एकूण खर्चात जमा होतातच असं नाही. शरीर दुसरीकडे हात आखडतं. सकाळी चालून आलेला माणूस दुपारी लिफ्ट घेतो, संध्याकाळी कोथिंबीर आणायला मुलाला पिटाळतो, टीव्हीसमोर जरा जास्त लोळतो. शरीराच्या आतही काही काटकसर होते. २०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात १७५४ प्रौढांच्या मोजमापांवर एक अभ्यास आला. त्यात विशिष्ट प्रकारचं पाणी पाजून दिवसाचा एकूण खर्च काढलेला होता, आणि या मोजणीत आज त्याहून भरवशाची पद्धत नाही. हालचालीत वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के दुसरीकडे कमी होतो असं त्यांना दिसलं, आणि अंगात चरबी जास्त असलेल्यांमध्ये ही वजावट मोठी होती. त्याआधी २०१२ मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा खर्च याच पद्धतीने मोजला. ही माणसं शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. शरीराच्या आकाराचा फरक वजा केल्यावर त्यांचा दिवसाचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन-युरोपियन माणसांपेक्षा वेगळा निघाला नाही.

म्हणून तुमच्या १८० मधले खरे हाती किती? २८ टक्के वजा केले तर १३०. ट्रेडमिलवरच्या पाटीवर विश्वास ठेवून खाणाऱ्या माणसाचं गणित इथेच बसत नाही.

तुम्ही "सगळं लिहून ठेवते" म्हणता आणि ते खरंच असणार. पण प्रामाणिकपणा आणि अचूकपणा वेगळे. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२०० पेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांची त्यात नीट मोजणी झाली. त्यांचं खाणं त्यांनी सांगितल्यापेक्षा बरंच जास्त निघालं. नोंदीत सरासरी ४७ टक्के कमी लागलं होतं, आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती. ती माणसं खोटारडी नव्हती. कढईतलं तेल, वरणावरचं तूप, मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, भाजीत मीठ बरोबर आहे का बघताना घेतलेला चमचा, कुकरची शिट्टी होईपर्यंत तोंडात टाकलेले शेंगदाणे: हे आपल्या स्वयंपाकघरातलं न लिहिलेलं जेवण.

तेलाची एक सोपी चाचणी सांगते. आजच्या तारखेला तेलाचा नवा डबा फोडा आणि तारीख लिहून ठेवा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल, तर माणशी रोजचं ३४० कॅलरींचं तेल पोटात जातंय (लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी). हा आकडा तुमच्या वहीतल्या तेलाशी जुळतो का बघा. माझ्या अनुभवात क्वचितच जुळतो.

आता तुम्ही काय करायचं ते. ॲप आणि घड्याळ यांची जोडणी तोडा, म्हणजे व्यायामाच्या कॅलरी आपोआप चढायच्या थांबतील. घड्याळ पावलांसाठी, ठोक्यांसाठी आणि वेळ बघण्यासाठी ठेवा. लक्ष्य तेच ठेवा, १३६५, सोयीसाठी १३५०-१४००. हो, तोच आकडा. मूळ लक्ष्य वाईट नव्हतंच, वर चढणारे ४१० वाईट होते. हे लक्ष्य रोज सारखं, चाललात तरी आणि नाही चाललात तरी. आठवडाभराची सरासरी जुळली की झालं. एका दिवशी हळदी-कुंकवात दोन करंज्या जास्त गेल्या म्हणून दुसऱ्या दिवशी उपास नको, आणि दुप्पट चालून त्या "जाळायला" तर मुळीच नको.

त्या १३६५ मध्ये प्रथिनं नीट बसवा. रोज ७० ग्रॅमच्या आसपास जमलं तर बरं. शाकाहारी असाल तर डाळ-उसळीबरोबर पनीर, दही, सोयाबीन हे मुद्दाम आणावे लागतात, नुसत्या वरणाने भागत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा निदान उठाबशा, भिंतीवरचे दंड काढा. घड्याळावर त्या अर्ध्या तासाचे आकडे फडतूस दिसतील. दिसू देत. तूट पडते तेव्हा शरीर चरबीबरोबर थोडा स्नायूही मोडतं, ते कमी व्हावं म्हणून हा व्यायाम आहे. आणि चालणं चालूच ठेवा, कारण उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात त्याचा मोठा हात असतो. साखर, रक्तदाब, झोप यांना होणारा फायदा वेगळाच.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग. वर मी जेवढे आकडे दिले, १३५७, १६२८, १८०, ते सगळे अंदाज आहेत. सूत्र दहा टक्के इकडेतिकडे सहज जातं. १.२ हा गुणक थोडा कंजूसच आहे, घरचं काम आणि जिने धरले तर तुमचा खर्च याहून जास्तही असेल. म्हणून चार आठवडे असं करा: रोज सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि लिहा. एका दिवसाच्या वजनाकडे लक्ष देऊ नका. पापड-लोणचं, लग्नातलं जेवण, पाळीचे आधीचे दिवस यांनी किलो-दीड किलो पाणी चढतं आणि उतरतं. सात दिवसांची सरासरी बघा. बायकांनी चारच आठवडे का, तर पाळीच्या एका पूर्ण चक्रानंतर साधारण त्याच दिवसांची तुलना होते म्हणून.

समजा चार आठवड्यांत तुमच्या वहीप्रमाणे रोजचं सरासरी खाणं १४२० निघालं आणि साप्ताहिक सरासरी वजन १.१ किलोने उतरलं. १.१ गुणिले ७७०० म्हणजे ८४७०, भागिले २८ दिवस, म्हणजे रोज ३०२. १४२० अधिक ३०२, तुमचा रोजचा खर्च १७२२. हा तुमचा स्वतःचा आकडा. यात चालणं आलं, दुपारचं लोळणं आलं, शरीराची काटकसर आली, सिंहगड आला. आणि गंमत म्हणजे वहीत रोज दीडशे कॅलरींचं तेल लिहायचं राहत असेल तर तीही चूक यात सामावली. ती चूक रोज सारखीच होत असेल, तर पुढचं लक्ष्य याच वहीच्या भाषेत ठरवता येतं. घड्याळाला हे कधीच जमणार नाही, कारण त्याला तुमच्या कढईत काय चाललंय ते दिसत नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की व्यायामाच्या कॅलरी कशा मोजायच्या, तर मी सांगते की त्या सुट्या मोजूच नका. वजनकाट्यातून त्या एकूण खर्चात येऊ द्या. चार-सहा आठवड्यांनी हा हिशोब पुन्हा करा, बस.

दिवाळीचं बोलू. १० किलो २० आठवड्यांत म्हणजे आठवड्याला अर्धा किलो, रोज ५५० ची तूट. तुमच्या १७५७ मधून ५५० गेले की १२०७ उरतात. आणि वजन उतरेल तसा खर्चही उतरतो. ६२ किलोला तुमचा बैठा खर्च १५०८ च्या आसपास आणि त्याच चालण्याचे रोजचे १११, मिळून १६१९. म्हणजे शेवटी-शेवटी तेवढी तूट ठेवायला हजार-अकराशेवर राहावं लागेल, नोकरी, घर, चालणं सांभाळून. मी ते कुणाला देत नाही. १२०० च्या खाली लोह, कॅल्शियम, प्रथिनं बसवणं कठीण होतं आणि नवरात्रात सगळं एकदम सुटतं. १३६५ वर राहिलात, तर वरच्याच आकड्यांनी सुरुवातीची तूट ३९२ आणि ६२ किलोला पोचताना २५४. त्या हिशोबाने दिवाळीपर्यंत सहा किलो, पूर्ण दहाला आठ महिने. सणवार धरून मी पाच म्हणेन. कागदावर ६७ लिहा. ६२ पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी ठेवा.

काही जणांनी मात्र व्यायामाच्या कॅलरी खायलाच हव्यात, आणि हे वाचून त्यांनी थांबू नये. अर्ध मॅरेथॉनची तयारी करणारे, रविवारी साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारणारे, एका दमात दीड-दोन तास घाम गाळणारे. तिथे मी घड्याळाने दाखवलेल्यापैकी निम्म्या परत खायला सांगते, त्यातल्या बऱ्याचशा व्यायामाच्या आधी आणि दरम्यान. तसं केलं नाही तर पाळी अनियमित होणं, वारंवार दुखापती, चिडचिड, असं मागे लागतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. अंगावर दूध पाजणाऱ्या बायकांचा हिशोब पूर्ण वेगळा. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं कमी करून व्यायाम वाढवताना साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्यावा, मग ॲप उघडावं.

राहिला तुमचा रविवार. आतकरवाडीकडून सिंहगड म्हणजे सुमारे सहाशे मीटरचा चढ. ७२ किलो तेवढं वर न्यायला निव्वळ शंभर कॅलरींचं काम लागतं. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव भाग कामी लावतात, बाकी उष्णता होते. म्हणजे चढायला ४०० ते ५००, उतरायला बरेच कमी. सकाळी चालण्याच्या तिप्पट म्हणा. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही हे जेवणच आहे, ते दुपारचं जेवण म्हणून खुशाल खा, साखर न घालता दही घ्या. मोजायलाही बसू नका, महिन्यातून एकदाच जाताय. गोंधळ होतो तो वर पोचल्या-पोचल्या येणाऱ्या कांदाभज्यांच्या प्लेटने, मग वाफाळत्या चहाने, मग जेवणाने, आणि खाली उतरल्यावर "एवढं चढलो" म्हणून घेतलेल्या मिसळीने. भजी चौघांत एक प्लेट घ्या. गरम असतानाच दोन-तीन खाऊन बाजूला सरका, बाकीचे तिघं संपवतीलच.